आरशावरचा धूर

मंजुळाने सहा महिने केसांना तेल लावलं नव्हतं आणि शेवटी आळ आला तो तिच्या केसांच्या तेलावरच. खरा दोषी मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला उगाच शोधत बसायला नको. छप्पन्न वर्षांचा होतो, गुडघे गेलेले, आणि लपवाछपवीचा मला तेव्हाही कंटाळा होता. तरी लपवलं.

साल एक्क्याण्णव. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये सीतारामशेठचा कारखाना होता. तिथे काचा घासून आरसे करायचे आणि त्यांच्यावर धातूचा मुलामा चढवायचा. दातांच्या डॉक्टरांचे आरसे, कॉलेजातल्या प्रयोगशाळांचे आरसे, असलं काम. मुलामा चढवायचं काम माझ्याकडे. माणूस वाकून आत बसेल एवढी एक पोलादी टाकी होती, तिला आम्ही चेंबर म्हणायचो. आत आरसा ठेवायचा, दार बंद करायचं, पंप लावून आतली सगळी हवा ओढून घ्यायची, मग ॲल्युमिनियम तापवून त्याची वाफ करायची. ती वाफ काचेवर बसली की झाला आरसा. सांगायला सोपं आहे. त्या पंपाची घरघर ऐकून ऐकून माझा डावा कान बधिर झाला होता. वर्तकनगरला घरी कलावती, म्हणजे माझी बायको, काही सांगायचं असलं की उजवीकडे येऊन बसायची.

त्या वर्षी एप्रिलमध्ये शीलाबाई आल्या. मूळच्या डोंबिवलीच्या, नोकरी बंगलोरच्या एका संस्थेत. चाळिशीच्या आत केस पिकलेले. उपग्रहावर बसवून आभाळात न्यायच्या एका दुर्बिणीमागे त्या आठ वर्षं लागल्या होत्या. तिचा मुख्य आरसा पोळपाटापेक्षा थोडा मोठा, बस एवढाच, पण त्याच्यावर मुलामा चढवायला त्यांना आमचं चेंबर हवं होतं.

"काका, ही दुर्बीण आपल्याला दिसतो तो उजेड बघणार नाही," त्यांनी मला समजावलं. "जांभळ्याच्या पलीकडचा उजेड असतो, अतिनील. तरुण, खूप तापलेले तारे त्याच उजेडात नीट कळतात. तो आपल्या हवेतच अडतो, म्हणून दुर्बीण हवेच्या वर न्यायची."

"मग आरशात फरक काय?" मी विचारलं.

"फरक एवढाच की हा उजेड काही खपवून घेत नाही. तुम्हाला आम्हाला लख्ख दिसणारा आरसा त्याला काळाठिक्कर असू शकतो. बोट लागलं, तेलाची नुसती वाफ लागली, तरी संपलं."

मग त्यांनी नियम घातले. आरसा कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत चेंबरच्या खोलीत तेल नाही, पावडर नाही, अत्तर नाही, फुलं नाहीत, उदबत्ती नाही. कागदावर लिहून त्यांनी तो दाराला चिकटवला. मी वाचला, मान डोलावली आणि मनात म्हटलं, बघू.

मंजुळाने मात्र तो कागद अंगावर घेतला. ती चेंदणी कोळीवाड्यातली, काचा धुणारी. काच धुणं म्हणजे भांडी घासणं नव्हे. साबण, मग स्पिरिट, मग ऊर्ध्वपातित पाणी, आणि वाळताना काचेवर एक डाग राहता कामा नये. तिच्या हातची काच मी डोळे मिटून चेंबरमध्ये ठेवायचो. तिने त्या दिवसापासून केसांचं तेल सोडलं, गजरा सोडला. कोळणीने गजरा सोडायचा म्हणजे काय, ते कोळीवाड्यात राहणाऱ्यालाच कळेल. भाचीच्या हळदीला ती मोकळ्या डोक्याने गेली तेव्हा तिच्या आत्याबाई म्हणाल्या, नवरा धडधाकट असताना ही काय अवदसा! केस काथ्यासारखे झाले. आल्या आल्या ते पुन्हा साबणाने धुवायची, टोपी घालायची आणि मगच खोलीत पाय टाकायची. मी तिला चिडवायचो, "मंजुळा, अगं तू आरशासाठी सती जाशील." ती म्हणायची, "दादा, आभाळात जाणारी वस्तू हाय. आपल्या हातानं घाण व्हायला नको."

आता माझी गोष्ट. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे खंडेनवमीला कोयत्यापासून तव्यापर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. कारखान्यातही चेंबरची पूजा दर वर्षी मीच करायचो. एकच वर्ष चुकलं होतं, चौऱ्याहत्तरचं. शेठचे वडील वारले होते, सुतक होतं, पूजा झाली नाही. तेव्हा चेंबर पोलादाचं नव्हतं, जाड काचेची एक मोठी घंटा होती. आठच दिवसांनी पंप चालू असताना ती घंटा फुटली. तिथे गोमाजी उभा होता, मंजुळाचा बाप. त्याचा डावा डोळा गेला. मी दोन हात मागे होतो म्हणून वाचलो. गोमाजी घरी बसला, आणि पुढे शेठने त्याच्या पोरीला काचा धुवायला घेतलं. त्या दिवसापासून माझ्या मनात पक्कं बसलं की पूजा चुकली म्हणून डोळा गेला.

त्या ऑक्टोबरात आरशाला मुलामा चढवायचा दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरला. खंडेनवमीच्या आदल्या दोन दिवसांत मंजुळाने चेंबर आतून धुऊन, तापवून, कोरडं करून बंद केलं. शेठने सांगितलं, यंदा खंडेनवमीची पूजा बाहेर लेथ मशीनची करा, खोलीत नको. सगळे हो म्हणाले. मीही म्हणालो.

खंडेनवमीला सकाळी सात वाजता, कोणी यायच्या आत, मी खोलीत गेलो. किल्ली माझ्याकडेच असायची. टोपी घातली, पाय पुसले. स्वतःला सांगितलं, आरसा पेटीत बंद आहे, त्याला काय होतंय. दाराला कुंकवाचं बोट लावलं, एक उदबत्ती, कापराची एक वडी. आणि मग, चौऱ्याहत्तर साली फुटलं ते आतून फुटलं होतं म्हणून, मी चेंबरचं दार उघडलं आणि उदबत्ती आत तीन वेळा ओवाळली. धूर आत वळला, छान वास सुटला. दार लावलं, कुंकू पुसलं. सगळं मिळून पाच मिनिटं. बाहेर आलो तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की रस्त्यावरच्या टपरीवर मी दोन चहा प्यायलो.

मुलामा पहिल्या फटक्यात चढला. असा आरसा मी आयुष्यात केला नव्हता. आरशाबरोबर चेंबरमध्ये काचेच्या छोट्या चकत्या ठेवतात, त्यांच्यावरही तोच मुलामा बसतो. आरशाला हात न लावता तपासणी करायची ती या चकत्यांवर. शीलाबाई त्या चकत्या घेऊन बंगलोरला गेल्या.

भाऊबीज झाल्यावर त्या परत आल्या. शेठच्या केबिनमध्ये आम्हा सगळ्यांना बोलावलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि तो मला जास्त लागला. "शंभरातला ऐंशी भाग उजेड परत यायला हवा होता," त्या म्हणाल्या. "बेचाळीस आला. चेंबरमध्ये काहीतरी होतं. तेलकट, जळकट असा थर आहे, डोळ्याला दिसणार नाही एवढा पातळ. कशाचा ते कळत नाही. आरसा मला जानेवारीत द्यायचा आहे. नाही दिला तर उपग्रहावर आमच्या जागेवर दुसरं यंत्र बसेल, आणि आमची दुर्बीण कपाटात."

सीतारामशेठला कारण शोधायला एक मिनिटही लागलं नाही. "चेंबर आतून धुतं कोण? मंजुळा. कोळीवाड्यातली बाई, घरात तळणं, अंगाला मासळी, केसांत तेल. टोपी घालून काय होतंय?"

मंजुळाने टोपी काढली. तो काथ्या सगळ्यांच्या समोर धरला. "बघा की शेठ. हात लावून बघा."

शेठने बघितलं नाही. शीलाबाई म्हणाल्या, "घाई नको, खात्री नाही." पण गिऱ्हाईक हातचं जाईल या भीतीपुढे शेठला कुणाचं ऐकू येत नव्हतं. "सोमवारपासून येऊ नकोस," तो म्हणाला.

मंजुळाने एकदा माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. तेलकट, जळकट हे शब्द ऐकल्याबरोबर मला कळलं होतं. तोंड उघडायला हवं होतं. मला भीती वाटली, बस. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, बावीस वर्षांचं नाव होतं, आणि शीलाबाईंच्या त्या पिकल्या केसांपुढे "मी उदबत्ती लावली" असं म्हणायची मला लाज वाटली.

त्यानंतर पाच दिवस मला जेवण गोड लागलं नाही. नव्या बाईने धुतलेल्या काचांवर पाण्याचे डाग राहत होते. कलावतीला सगळं सांगितलं. ती उजव्या बाजूला येऊन बसली आणि म्हणाली, "तुमची पूजा देवाला पोचली असेल, पण तिच्या पोटावर पाय पडला ना?" मी उठून चेंदणीला गेलो.

गोमाजी दारात जाळं विणत बसला होता. एका डोळ्यानेही त्याचे हात भराभर चालत होते. मंजुळा आत तांदूळ निवडत होती. ती बाहेर आली, पण या बसा म्हणाली नाही. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं: खंडेनवमी, सात वाजता, दार उघडलं, धूर.

"ठाव हाय," मंजुळा म्हणाली. "दसऱ्याला मी साफसफाईला आलेली. उंबऱ्याशी उदबत्तीची राख पडलेली. मी पुसली. दार उघडून आत ओवाळलंत ते ठाव नव्हतं."

"मग शेठपुढे बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

मी गोमाजीकडे वळलो, जसं काही त्याच्यापुढे माझी बाजू मांडली तर भागेल. "गोमाजी, तुझ्या डोळ्यासाठी केलं रे. त्या वर्षी पूजा चुकली..."

गोमाजीचा हात थांबला. "कोन बोल्ला पूजेनं डोला गेला? घंटेला चीर व्हती, बुडाशी. चार दिस आधी मी शेठला दावलेली. म्हनला, दिवाळीपर्यंत चालव. तुला ठाव नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. सतरा वर्षं मी ज्या भीतीला कुंकू लावत होतो, ती नुसती एक चीर होती, आणि शेठला ती माहीत होती. आणि ज्या पोरीच्या बापाचा डोळा गेला, ती नियम पाळून बिनतेलाची फिरत होती. मला तिथे रडू आलं. मंजुळाने पाण्याचा तांब्या आणून दिला, पण समजूत काढली नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. घंटेच्या चिरेचंही बोललो. शेठ चिडला नाही, उलट त्याने उठून दार लावलं.

"मारुती, तू थकलायस. हे तू मला सांगितलं नाहीस आणि मी ऐकलं नाही. माझा मुख्य माणूसच खोलीत उदबत्ती लावतो, असं त्या संस्थेला कळवू? पुन्हा कोण काम देईल? आणि तू गेलास तर मुलामा चढवणार कोण? काचा धुवायला बाई काय, दुसरी मिळेल."

मी आयुष्यभर या माणसाला शेठ म्हणत आलो होतो. त्या दिवशी प्रथमच माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही. उठलो आणि सरळ खोलीत गेलो.

शनिवारी अर्धा दिवस असतो. सगळे गेल्यावर मी दोन चकत्या घेतल्या. चेंबर धुतलं, मंजुळासारखं जमलं नाही, पण जमेल तसं धुतलं. पहिल्या चकतीवर मुलामा चढवला. मग आत उदबत्ती तीन वेळा ओवाळली, तशीच, आणि दुसरीवर चढवला. दोन्ही चकत्या डोळ्याला सारख्याच लख्ख दिसत होत्या. वेगवेगळ्या डब्यांत घालून रविवारी सकाळी डोंबिवलीला शीलाबाईंच्या वडिलांच्या घरी गेलो. रजा वाढवून त्या तिथेच राहिल्या होत्या.

बाई ओसरीवर कपडे वाळत घालत होत्या. माझं बोलणं होईपर्यंत त्यांच्या हातातला पिळा तसाच राहिला. पाणी टपकत होतं.

"काका," त्या शेवटी म्हणाल्या, "मला सांगायचं होतंत ना. मुलामा दोन दिवस पुढे ढकलला असता. तुम्ही पूजा केली असती, मंजुळाबाईंनी चेंबर पुन्हा धुतलं असतं. एवढंच होतं हो."

एवढंच होतं. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. विचारायचं असतं, हेच आमच्यात कुणाला ठाऊक नव्हतं. लपून करायचं, नाहीतर करायचंच नाही.

"मला अहवालात लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "नावासकट."

"लिहा. मारुती बाळू जगदाळे. आणि हेही लिहा, की मंजुळाचा दोष नाही."

दहा दिवसांनी शीलाबाईंचा कारखान्यात फोन आला. उदबत्तीची चकती बेचाळीसच्या आसपास, दुसरी सत्तरच्या वर. बाईंनी शेठला दोन अटी घातल्या. मंजुळाबाई परत आल्या तरच आरसा इथे राहील. आणि मारुतीकाका त्या खोलीत पाऊल टाकणार नाहीत. शेठने दोन्ही कबूल केल्या आणि मला बोलावून किल्ली मागून घेतली. डिसेंबरअखेर हिशेब करून घरी जा, म्हणाला.

मंजुळा आली. जुना मुलामा काढला, आरसा धुतला, चेंबर तीनदा धुतलं. आता मुलामा चढवायचा कोणी? इतकी वर्षं तिने माझ्या पाठीमागून सगळं बघितलेलं होतं. तिने चढवायचं ठरलं. खोलीच्या दाराच्या वरच्या भागाला काच होती, मी त्या काचेबाहेर स्टुलावर बसलो. "मंजुळा, आता हळू... आता थांब... दाब बघ..." असं मी ओरडत होतो. थोड्या वेळाने लक्षात आलं, ती माझं ऐकत नव्हती. मी सांगायच्या आधीच तिचा हात योग्य बटणावर जात होता. मग मी गप्प बसलो. गुडघे दुखत होते, पण उठवेना. बरंही वाटलं आणि वाईटही, आणि त्यात जास्त काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

चकत्यांचा निकाल आला: त्र्याऐंशी.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आरसा पेटीत बसला. शीलाबाईंनी झाकणाचे स्क्रू स्वतः पिळले. मोजून बारा स्क्रू, आणि प्रत्येक पिळून झाल्यावर त्या पेटीवर हात ठेवून क्षणभर थांबायच्या. टेम्पो निघून गेला. माझाही तो शेवटचा दिवस होता. डबा आणि कामावरच्या चपला पिशवीत घातल्या आणि निघालो.

मंजुळा मागच्या पायरीवर बसली होती. टोपी काढून बाजूला ठेवलेली. पिशवीतून तिने खोबरेल तेलाची नवी बाटली काढली, पण ओल्या हातांनी तिला झाकण उघडेना.

"दादा, जरा उघडून द्या."

मी उघडून दिली.

"मी माफ केलं असं समजू नका," ती म्हणाली. "मला माफ करायला वेळ लागतो. आणि सोमवारी मी कोणाच्या सांगण्यावरून चेंबर चालवणार, तेही मला ठाव नाही."

"कोणाच्याच नाही," मी म्हणालो. "तुला येतं सगळं."

तिने ओंजळ पुढे केली. मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो, गुडघे कुरकुरले, आणि मी तिच्या हातावर तेल ओतलं. तिने ते दोन्ही हातांनी डोक्यावर थापलं, डोळे मिटले, बराच वेळ चोळत राहिली. मग ओंजळ पुन्हा पुढे आली.

"अजून ओता," ती म्हणाली.